विश्लेषण : कापड स्वस्त झाले, तरी साडीतला भेद का टिकला?

कोल्हापूरच्या साडीबाजारात आज हातमागाची पैठणी आणि तिची यंत्रमागावरची नक्कल असलेली ‘सेमी पैठणी’ या दोन्ही मिळतात. लांबून पाहिले तर फरक कळत नाही. किमतीत मात्र तो कित्येक पटींचा असतो. यंत्राने स्वस्त नक्कल घराघरांत पोहोचवली, की कपड्यावरून दर्जा कसा ओळखायचा? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही पडला होता.

यंत्राआधी साडी काय सांगत असे?

एक वार म्हणजे ३६ इंच. त्या हिशेबाने नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटरची. ती सगळ्याच थरांतील स्त्रिया नेसत, पण सारखी नव्हे. सूत किती बारीक, काठ सुती की रेशमी, पदराला जर आहे का, यावरून घरची ऐपत कळे. नेसण्यावरून काम कळे. शेतात राबणारी बाई जाडेभरडे लुगडे वर खोचून नेसे; पायघोळ नेसण्याची चैन तिला नव्हती. दागिन्यांचेही तसेच. एकीकडे सोन्याचा कोल्हापुरी साज, तर दुसरीकडे पितळ आणि काचेचे मणी.

यंत्रमागाने काय बदलले?

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे त्यांना प्रोत्साहन होते. पाठोपाठ १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिलची पायाभरणी केली. इचलकरंजीच्या मागांवर पुढे रंगीत नऊवारी साड्या निघू लागल्या. काठापदराचे लुगडे सामान्य घराच्या आवाक्यात येऊ लागले. फक्त कापड पाहून बाई कोणत्या घरची, हे सांगणे पूर्वीइतके सोपे उरले नाही.

अमेरिकेत काय घडले होते?

तिथे हा बदल आधी झाला. सिंगर यांनी १८५१ मध्ये शिलाई मशिनचे पेटंट घेतले. १८६३ पासून बटरिक यांचे कागदी बेतकाप बाजारात आले आणि श्रीमंतांच्या फॅशनचा झगा घरी बेतता येऊ लागला. मग श्रीमंतांनी वेगळेपण दाखवण्यासाठी काम करणे अशक्य होईल असे अवजड, नाजूक कपडे मिरवले. अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये हेच मांडले : उंची पोशाख म्हणजे ‘मला राबावे लागत नाही’ याची जाहिरात. तयार ब्लाउज शिवणाऱ्या मुली मात्र कोंदट कारखान्यांत होत्या. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ कामगार गेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या.

मग आपल्याकडचा फरक कोणता?

आपल्याकडे प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता. कुणी काय नेसावे, कसे नेसावे, कोणता दागिना घालावा, हे जात ठरवत होती. अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रीकडे पैसे असले, तरी पायघोळ नेसण्याची किंवा सोने घालण्याची मोकळीक नव्हती. बाजारात कापड स्वस्त झाल्याने हा नियम मोडला नाही.

तो कसा मोडला?

इचलकरंजीजवळच्या माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत ऐतिहासिक परिषद झाली. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना थेट पोशाखाबद्दल सांगितले : लुगडे उच्चवर्णीय बायकांप्रमाणे नेसा, गळाभर माळा आणि कोपरापर्यंतची कडी ही जातीची ओळख आहे, ती टाका. तसे नेसायला वेगळा खर्च येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. लुगडे तेच राहिले, नेसण बदलली. परिषदेला आलेल्या स्त्रियांनी लगोलग तसे नेसून दाखवले.

पाचवारी आल्यावर भेद संपला का?

संपला नाही, त्याने जागा बदलली. पाचवारी म्हणजे गोल साडी आधी शहरी, शिकलेल्या घरांत रुळली. तिला कापड कमी लागते, पण सोबत परकर आणि मशिनवर शिवलेला ब्लाउज हवा. गाठीची खणाची चोळी मागे पडत गेली. नऊवारी ही ‘गावाकडची’, ‘जुन्या वळणाची’ ठरली.

आता चित्र पुन्हा फिरले आहे. लग्नात आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी हौसेने घातली जाते. एकेकाळी शेतात राबताना नेसलेले वस्त्र सणाचा पोशाख झाले. हातमागाची साडी पुन्हा ऐपतीची खूण ठरली. आणि जिच्या घरात अशी साडी क्वचितच येते, अशी बाई आजही यंत्रमागासाठी कांड्या भरताना दिसते.