गोफणीसारखा हात आणि कॅमेऱ्याचा डोळा

आता खेड्यापाड्यांतूनही एखादे तरी घर असे सापडते, की ज्यातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आहे. आईवडील उन्हाळ्यात तिकडे जाऊन चार-दोन महिने राहतात. मुले कामावर गेली की त्यांना दिवस खायला उठतो. तुमच्यावर अशी पाळी आली, तर जवळपासच्या गावात मायनर लीग बेसबॉलचे मैदान आहे का, याची चौकशी करावी आणि जाताना कॅमेरा गळ्यात अडकवावा. तिथल्या एखाद्या होतकरू पिचरचे छायाचित्र टिपण्यात संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही.

पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज, एवढे समजले तरी पुरे. मात्र तो धावत येत नाही. दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, एक पाय उचलतो आणि साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे टप्पा न पाडता चेंडू फेकतो. कोपर वाकवायला बंदी नाही. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभे राहून ज्याने पाखरांवर गोफण चालवली आहे, त्याला हा हात पाहताक्षणी ओळखीचा वाटेल.

तिकडे वरच्या दर्जाचे तीस संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली लहान गावांतले चार संघ, एकावर एक पायऱ्यांसारखे. २०२१ पासून असे एकूण १२० संघ आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचे मैदान तर सस्क्वेहॅना नदीच्या मधोमध एका बेटावर आहे. खेळणारी पोरे विशी-बाविशीची. काही डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलासारख्या देशांतून आलेली. पगार बेताचा. वरून दुसऱ्या पायरीवर, म्हणजे डबल-ए संघात, २०२३ च्या करारापूर्वी वर्षाला कमीत कमी १३,८०० डॉलर मिळत. त्या करारानंतर ते ३०,२५० झाले. यांतली बहुतेक मुले वरच्या दर्जापर्यंत कधीच पोचत नाहीत.

होतकरू कोण, हे ओळखायला खेळ कळावा लागत नाही. फलंदाजाच्या मागच्या रांगांत वेग मोजण्याची यंत्रे घेतलेली माणसे बसतात. ती मोठ्या संघांची पारखी माणसे. बैलबाजारात जाणते शेतकरी कोणत्या खोंडाभोवती घुटमळतात, ते आपण पाहतोच. एखाद्याने चेंडू हातात घेताच ती यंत्रे एकदम वर झाली, की कॅमेरा त्याच्याकडे वळवावा. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण आठवड्यातून एकदाच खेळतो, म्हणून त्याचा दिवस आधी विचारून ठेवावा. मोठी लेन्स आत नेऊ देतात का, हेही दारावरच विचारावे.

आता बसावे कुठे? फलंदाजाच्या मागून पाहिले, तर पहिला बेस उजवीकडे आणि तिसरा डावीकडे येतो. उजव्या हाताचा पिचर पाय उचलतो, तेव्हा त्याची छाती तिसऱ्या बेसकडे असते. पाय उचललेले चित्र हवे असेल तर त्या बाजूला बसावे. चेंडू सुटतानाचा चेहरा हवा असेल तर पहिल्या बेसच्या बाजूला जावे, म्हणजे हात तोंडाच्या आड येत नाही. डावखुऱ्यासाठी सगळे उलटे. पुढे जाळी असते, तिला भिऊ नये. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवावी आणि ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. जाळी चित्रात विरघळून जाते. मात्र जाळी संपते तिथे बसला असाल, तर एक डोळा खेळावर ठेवा. फटकावलेला चेंडू प्रेक्षकांत येतो आणि तो दगडासारखा लागतो.

टोपीच्या छज्जामुळे दुपारी पिचरचा चेहरा काळवंडतो, म्हणून प्रकाश कपड्यांवर न मोजता चेहऱ्यावर मोजावा. शटरचा हिशेब सोपा आहे. चेंडू ताशी दीडशे किलोमीटरने निघाला, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात तो चार सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून अधिक. चेंडू स्वच्छ हवा असेल तर दोन हजारावा किंवा त्याहून लहान भाग लावावा. रात्रीच्या दिव्यांत तेवढा उजेड नसतो. तेव्हा चेंडू थोडा पुसट आला तरी चालवून घ्यावे. माझ्या मते चेहरा आणि हात स्पष्ट आला, की चित्र साधले.

खरा क्षण वेगळाच आहे. पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा सहावा-सातवा भाग जातो. तेवढ्यात खांदा पुढे येतो आणि कोपरापासूनचा हात मागे इतका लवतो, की तळवा आभाळाकडे होतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. सेकंदाला दहा चित्रे घेणारा कॅमेरा असला, तरी त्या वेळात एक-दोनच चित्रे पडतात. म्हणून पहिला डाव नुसता पाहण्यात घालवावा. कोणी पाय वर असताना क्षणभर थांबतो, कोणी थांबत नाही. ती लय अंगात भिनली, की पाय टेकायच्या किंचित आधी बटण दाबावे.

याच क्षणी कोपराच्या आतल्या बाजूचा एक लहानसा अस्थिबंध ताणाला लागतो. तो तुटला की हात गेला, असे पूर्वी समजत. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातातला स्नायुबंध काढून कोपरात बसवला, आणि तो गडी १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला आजही त्याचेच नाव आहे.

स्टीफन स्ट्रासबर्गची हकीकत पाहा. २००९ च्या निवडीत तो देशात पहिला होता आणि दीड कोटीहून अधिक डॉलरचा करार झाला. ११ एप्रिल २०१० रोजी हॅरिसबर्गकडून तो पहिला सामना खेळला, अल्टूना गावी, जिथे मैदानामागे जत्रेतल्यासारखा लाकडी रोलर कोस्टर उभा होता. जूनमध्ये वरच्या दर्जाच्या पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाज बाद केले. ऑगस्टमध्ये कोपर गेले आणि सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. तो परत आला, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण पुढच्या दुखण्यांनी त्याला २०२४ साली निवृत्त व्हावे लागले.

आपल्या देशाचाही एक मुलगा या वाटेने गेला. उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग, ट्रकचालकाचा मुलगा आणि भालाफेकपटू. २००८ साली दूरचित्रवाणीवरची चेंडूफेकीची स्पर्धा त्याने जिंकली, आणि त्याला व दिनेश पटेलला पिट्सबर्गच्या संघाने करारबद्ध केले. २०१२ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून तो ३९ सामन्यांत खेळला. नंतर दुखापतींनी गाठले, आणि २०१८ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्या उन्हाळ्यात चार्लस्टनच्या बाकांवरून कोणी त्याचे चित्र घेतले असेल, तर ते त्याच्या ऐन भरातले आहे.

तेव्हा पिचर बदलला म्हणून लगेच कॅमेरा खाली ठेवू नका. तरुण पिचरला बहुधा ७० ते ९० चेंडूंनंतर थांबवतात. प्रशिक्षक उंचवट्यापर्यंत चालत येतो, हात पुढे करतो आणि पोरगा त्यावर चेंडू ठेवून निघतो. तेवढ्या वाटेत त्याचा चेहरा कोणासाठी तयार केलेला नसतो. त्याचे आईबाप कधी कधी तुमच्याच रांगेत बसलेले असतात. ओळख काढावी आणि एक प्रत त्यांना पाठवून द्यावी.