दुसऱ्या भागाचा गल्ला नेमका कुणाचा?

जून २०२४ मध्ये 'इनसाइड आउट २' अमेरिकेत प्रदर्शित होण्याच्या बेतात होता, तेव्हा पहिल्या तीन दिवसांच्या कमाईचे अंदाज नऊ कोटी डॉलरच्या आसपास घुटमळत होते. प्रत्यक्षात १५.४ कोटींची तिकिटं खपली. एकोणिसाव्या दिवशी जगभरातली तिकीटविक्री १०० कोटी डॉलरवर गेली आणि सिनेमा थिएटरांतून उतरला तेव्हा ती १७० कोटींच्या घरात होती. त्या वेळच्या दराने साधारण चौदा हजार कोटी रुपये. महिनाभर आधीच हा सिनेमा बनवणाऱ्या पिक्सारने आपल्या जवळपास १४ टक्के कर्मचाऱ्यांना नारळ दिला होता, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं मोल कळतं.

यश मिळाल्यावर कारणं सांगायला सगळेच पुढे आले आणि सर्वांत लोकप्रिय कारण सर्वांत सोपं होतं: 'सीक्वेल होता ना, चालणारच.' हे मला पटत नाही. मुलांना घेऊन पाहायच्या ॲनिमेशनपटांच्या दुसऱ्या भागांचे आकडे नीट मांडले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या तीन-चार दिवसांची गर्दी ही जुन्या सिनेमाची पुण्याई असते. नव्या सिनेमाची स्वतःची कमाई त्यानंतर सुरू होते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की अंदाजही चुकतात आणि स्टुडिओंचे निर्णयही.

'नाव चाललं की दुसरा भाग चालतोच'

'द लेगो मूव्ही' २०१४ मध्ये आला आणि त्याने जगभरात सुमारे ४७ कोटी डॉलर कमावले. २०१९ मध्ये दुसरा भाग आला. समीक्षकांनी त्याचंही कौतुक केलं, पण कमाई २० कोटींपर्यंतही पोहोचली नाही. मधल्या काळात, २०१७ या एकाच वर्षात, लेगोचे आणखी दोन सिनेमे येऊन गेले होते. पहिल्या सिनेमाची खरी गंमत त्याच्या नवलाईत होती. दुसरा भाग येईपर्यंत ती नवलाई खर्च होऊन गेली होती, असं माझं मत आहे. २०१९ मध्येच 'द सीक्रेट लाइफ ऑफ पेट्स'चा दुसरा भागही पहिल्याच्या निम्म्यावर थांबला.

'लाइटइयर' (२०२२) हा काटेकोरपणे सीक्वेल नव्हता, 'टॉय स्टोरी'च्या झाडाला फुटलेली फांदी होती. 'टॉय स्टोरी'च्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाने प्रत्येकी १०० कोटींचा टप्पा ओलांडला होता, म्हणजे नावाला कसलीच कमतरता नव्हती. तरी २० कोटी डॉलर खर्चून काढलेल्या 'लाइटइयर'ला तिकिटांतून जेमतेम २२.६ कोटी मिळाले. आपला ओळखीचा खेळण्यातला बझ यात नाही, तो ज्याच्यावरून बेतला तो अंतराळवीर आहे, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला तिकीटबारीसमोर कशी समजवायची? प्रेक्षकाला नाव हवं नव्हतं, तो बझ हवा होता.

'ओटीटीवर फुकट दिसतं, मग थिएटरात कोण जाईल?'

हा गैरसमज सर्वांत पक्का आहे आणि तो आपोआप रुजलेला नाही. कोविडच्या साथीच्या काळात पिक्सारचे 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' अमेरिकेत थेट डिस्ने प्लसवर आले. थोडं थांबलं की सिनेमा घरीच येतो, हे आईबाबांना कळलं. त्याचा फटका नव्या, अनोळखी गोष्टींना बसला आणि तो अजून भरून निघालेला नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या 'एलियो'ला पहिल्या वीकेंडला अमेरिकेत सुमारे २.१ कोटी डॉलर मिळाले, पिक्सारच्या इतिहासातला नीचांक. बरोबर एक वर्ष आधी, त्याच महिन्यात, त्याच स्टुडिओचा 'इनसाइड आउट २' विक्रम करत होता.

दुसऱ्या भागाच्या बाबतीत मात्र हेच ओटीटी उलट काम करतं. 'मोआना' २०१६ चा सिनेमा. २०२३ मध्ये, म्हणजे सात वर्षांनंतर, तो अमेरिकेत स्ट्रीमिंगवर वर्षभरात सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला. नील्सन या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेनुसार त्या एका वर्षात तो १,१६० कोटी मिनिटं पाहिला गेला. मोठी माणसं सिनेमा एकदा पाहतात. चार वर्षांचं मूल जेवताना, झोपताना, आजारपणात तोच सिनेमा पुन्हा लावायला सांगतं आणि घरातल्या सगळ्यांना गाणी पाठ होतात. २०१६ मध्ये जन्मलीही नव्हती अशी मुलं २०२४ मध्ये मोआनाची कट्टर चाहती होती.

डिस्नेने याच काळात 'मोआना'ची पुढची गोष्ट ओटीटी मालिका म्हणून करायला घेतली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी ती थिएटरात चित्रपट म्हणून येईल असं जाहीर केलं आणि नोव्हेंबरात तो आलासुद्धा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या पाच दिवसांत अमेरिकेत २२.५ कोटी डॉलर जमा झाले, त्या सणाचा नवा विक्रम. जगभरातली बेरीज १०५ कोटींच्या वर गेली.

पण त्याच सिनेमाचा दुसरा आकडा बघा. अमेरिकेत त्याने एकूण सुमारे ४६ कोटी कमावले, म्हणजे जवळपास निम्मी कमाई पहिल्या पाच दिवसांतच झाली होती. 'इनसाइड आउट २'ची अमेरिकेतली एकूण कमाई सुमारे ६५ कोटी, त्यात पहिल्या तीन दिवसांचा वाटा पावाहूनही कमी. पाच दिवस आणि तीन दिवस यांची तुलना तंतोतंत होत नाही, सणाची सुट्टीही धरायला हवी, हे मान्य. तरी फरक डोळ्यांत भरतो. 'मोआना २'कडे लोक पहिल्या 'मोआना'साठी धावले. पहिल्या भागाच्या गाण्यांत ज्याचा मोठा वाटा होता तो लिन-मॅन्युएल मिरांडा दुसऱ्या भागात नव्हता, आणि ते कानाला लगेच जाणवतं. मालिकेचे तुकडे जोडल्याच्या खुणाही गोष्टीत दिसतात.

मूळ बेत छोट्या पडद्याचा होता म्हणून सिनेमा कच्चाच निघतो, असंही नाही. 'टॉय स्टोरी २' आधी थेट व्हिडिओ कॅसेटसाठी ठरला होता. पिक्सारने शेवटच्या सुमारे नऊ महिन्यांत त्याची गोष्ट जवळपास नव्याने बांधली आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये आलेल्या त्या सिनेमाने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. लोक आजही त्याला उत्तम सीक्वेलमध्ये मोजतात.

'पहिला वीकेंड पडला, म्हणजे सिनेमा पडला'

डिसेंबर २०२२ मध्ये 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' आला. पहिला भाग २०११ चा. मध्ये अकरा वर्षं गेलेली आणि समोर 'अवतार'चा दुसरा भाग. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत १.२४ कोटी डॉलर. हा सिनेमा संपला, असं सर्वांनी गृहीत धरलं असतं तर नवल नव्हतं. शेवटी अमेरिकेतली एकूण कमाई सुमारे १८.६ कोटी झाली, पहिल्या वीकेंडच्या पंधरापट. जगभरात ४८ कोटींच्या वर, तीही ९ कोटींच्या खर्चावर. इथे जुन्या पुण्याईचा भाग नगण्य होता. जे मिळालं ते नव्या सिनेमाने मिळवलं.

कसं मिळवलं? एक प्रसंग सांगते. हातात दोन कोयते घेऊन, शीळ घालत येणारा लांडगा पुस या बोक्याच्या मागे लागलेला आहे. तो साक्षात मृत्यू आहे. निधड्या छातीचा म्हणून मिरवणारा पुस जंगलात पळत सुटतो आणि एका झाडाशी कोसळतो. छाती धडधडतेय, श्वास लागलाय, अंगावरचे केस ताठ उभे. त्याच्यामागून आलेला बावळा कुत्रा पेरितो काहीही विचारत नाही, उपदेश करत नाही, नुसतं आपलं डोकं त्याच्या पोटावर टेकवून पडून राहतो. हळूहळू पुसचा पंजा त्याच्या डोक्यावरून फिरायला लागतो. लहान मुलांच्या सिनेमात इतका खरा घाबरलेपणा मी क्वचितच पाहिला आहे.

आणि 'इनसाइड आउट २'चा गाभाही असाच एक प्रसंग आहे. तेरा वर्षांची रायली हॉकीच्या रिंकमध्ये शिक्षेच्या कठड्याआड बसलेली असते. या सिनेमांत भावनाच पात्रं असतात; तिच्या डोक्यात नारिंगी रंगाची चिंता नियंत्रणाच्या पटाभोवती वादळासारखी गरगरते आहे. आपण वादळाच्या आत जातो तेव्हा चिंता स्वतः जागच्या जागी गोठलेली दिसते, डोळ्यांत पाणी. २०१५ मध्ये पहिला भाग पाहिलेली मुलं २०२४ मध्ये विशीच्या आसपास होती. हा प्रसंग त्यांचा होता. म्हणूनच दुसऱ्या वीकेंडला कमाई फक्त ३४ टक्क्यांनी घटली. तेव्हाही तिने १० कोटी डॉलर गाठले, आणि दुसऱ्या वीकेंडला इतकं कुठल्याच ॲनिमेशनपटाने तोवर कमावलं नव्हतं. ॲनिमेशन म्हणजे फक्त लहानग्यांचा मामला, हा समज इथे आपोआप गळून पडतो.

अंदाज चुकतात त्यामागे एक साधं व्यावहारिक कारणही असतं. सुपरहिरोंचे चाहते आठवडे आधी तिकीट काढून ठेवतात. चौघांचं कुटुंब शनिवारी सकाळी ठरवतं: धाकट्याचा ताप उतरला का, आजी येणार का, दुपारचा खेळ मिळतोय का. आगाऊ विक्रीत हे कुटुंब दिसत नाही आणि मतचाचणीत छोट्यांना कुणी विचारत नाही.

'चाहत्यांना हवं ते दिलं नाही, तर संपलं'

'इनसाइड आउट २'मध्ये भीती आणि किळस या दोघांचे आवाज बदलले. पहिल्या भागात ते देणारे बिल हेडर आणि मिंडी केलिंग परतले नाहीत. चाहते हळहळले, पण थिएटरातल्या गर्दीला त्याने काही फरक पडला नाही. फार वर्षं गेली म्हणजे लोक विसरतात, हेही तितकंच पोकळ. 'द इनक्रेडिबल्स'चा दुसरा भाग चौदा वर्षांनी आला आणि त्याने पहिल्याच्या जवळपास दुप्पट, सुमारे १२४ कोटी डॉलर कमावले.

'१०० कोटींची कमाई म्हणजे १०० कोटी नफा'

तिकिटाच्या पैशांतला अमेरिकेत साधारण निम्माच वाटा स्टुडिओकडे येतो, बाकीचा थिएटरवाल्यांचा. चीनमध्ये परदेशी स्टुडिओला साधारण पाव हिस्सा मिळतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'झूटोपिया २'ने चीनमध्ये हॉलिवूडच्या कुठल्याही ॲनिमेशनपटापेक्षा जास्त गर्दी खेचली, पण तिथला एक डॉलर अमेरिकेतल्या अर्ध्या डॉलरच्याच तोलाचा. शिवाय अशा बड्या सिनेमाच्या जाहिरातीवर १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च होणं नवं नाही. म्हणून कमाईइतकंच लक्ष खर्चाकडे हवं. 'डेस्पिकेबल मी ४' १० कोटींत बनला आणि सुमारे ९७ कोटींवर गेला. त्याच्या दुप्पट खर्चाच्या सिनेमाला तेवढ्या कमाईत तितकं हाती लागत नाही.

अर्थात सगळा हिशेब तिकीटबारीवर संपतही नाही. 'कार्स'च्या खेळण्यांची विक्री त्या सिनेमांच्या तिकिटांपेक्षा कितीतरी पट झाली. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये डिसेंबर २०२३ पासून 'झूटोपिया'ची अख्खी नगरी उभी आहे. चिनी मुलांसाठी पहिला सिनेमा त्या गल्ल्यांतून जिवंत राहिला होता.

आपल्याकडे

'महावतार नरसिंह' हा ॲनिमेशनपट २५ जुलै २०२५ ला आला तेव्हा पहिल्या दिवसाची कमाई दोन कोटी रुपयांच्या आतच होती. मागे कुठला जुना सिनेमा नव्हता, ओळखीचा तारा नव्हता. शेवटच्या अर्ध्या तासातला नरसिंह आणि हिरण्यकशिपूचा संग्राम पाहून आलेल्यांनी दुसऱ्यांना पाठवलं, खेळ वाढत गेले आणि एकूण कमाईने ३०० कोटींचा टप्पा ओलांडला. दिग्दर्शक अश्विन कुमार यांची ही नियोजित मालिका आहे आणि पुढचा सिनेमा 'महावतार परशुराम' म्हणून जाहीर झाला आहे.

चिपळूणजवळच्या देवळात लहानपणापासून जाणाऱ्या कोकणातल्या घरांना ही कथा सांगायची गरज नाही. समुद्र हटवून जमीन मिळवणारा परशुराम पडद्यावर कसा दिसेल, याची उत्सुकता मलाही आहे. पहिल्या दिवशी या वेळी दोन कोटींवर भागणार नाही, गर्दी होईल, आणि ती 'नरसिंह'ने आणलेली असेल. मी वाट पाहीन ती पहिल्या सोमवारच्या आकड्याची, शाळा आणि कचेऱ्या सुरू असताना संध्याकाळच्या खेळाला किती कुटुंबं आली ते पाहायला.