लोकलमध्ये डॉस : कोणते यंत्र निवडाल?

वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्याचे जुने हिशेब अजून डॉसवर असतील आणि ते डोंबिवली-ठाणे प्रवासात उघडायचे असतील, तर हे पाहा.

अटारी पोर्टफोलिओ (१९८९) : तीन पेन्सिल सेल. पडद्यावर फक्त ४० अक्षरांच्या ८ ओळी. टिपणांपुरते ठीक.

एचपी २००एलएक्स (१९९४) : एमएस-डॉस ५.० आणि लोटस १-२-३ आतच. ८० अक्षरांच्या २५ ओळी. दोन पेन्सिल सेल लागतात आणि ते कोणत्याही नाक्यावर मिळतात. पडद्याला मागून उजेड नाही, म्हणून खिडकीची जागा बरी. प्रवासासाठी आमची पहिली पसंती यालाच.

आयबीएम पीसी ११० (१९९५) : फक्त जपानात विकला गेला. ४८६ प्रोसेसर, रंगीत पडदा. हिशेब फॉक्सप्रो २.६मध्ये असतील, तर त्याच्या एक्सटेंडेड आवृत्तीला किमान ३८६ प्रोसेसर लागतो; ती अट इथे भागते. जुनी बॅटरी मात्र तपासूनच घ्या.

नवे यंत्र : ६४-बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम थेट चालवत नाही. डॉसबॉक्स टाका; ते फोनवरही चालते.

मराठीचे काय? पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड डॉसवर देवनागरी दाखवायचे. पण ते टेबलावरच्या पीसीच्या स्लॉटमध्ये बसणारे. तळहातावरच्या यंत्रात त्याला जागा नाही.

विसरू नका : आधी फायलींची दुसरी प्रत काढा. यंत्र बदलता येते, वीस वर्षांची खातेवही नाही.