सर्पिल अंकजालातील कोनस्थान आणि बाजारभाव : एक गणिती परीक्षण

धाराशिव जिल्ह्यातील माकणी हे गाव निम्न तेरणा प्रकल्पाच्या जलाशयामुळे परिचित आहे. खरिपाची रास घरात आली की त्या परिसरातील सोयाबीन उत्पादकापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : माल आजच आडतीवर घालावा, की भाव चढेपर्यंत थांबावे ? उद्याचा भाव आज सांगू पाहणाऱ्या युक्त्यांना जे गिऱ्हाईक मिळते ते या प्रश्नामुळेच. अशा युक्त्यांपैकी गणिताचा पेहराव सर्वांत अधिक ल्यालेली युक्ती म्हणजे ‘नवाचा चौरस’ होय. विल्यम डेलबर्ट गॅन (१८७८–१९५५) या अमेरिकन सटोडियाच्या नावाशी ती निगडित आहे. या रीतीतील गणित कोणते व त्यातून काढले जाणारे अनुमान कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

प्रथम रचना पाहू. मध्यवर्ती घरात १ मांडून त्याभोवती सर्पिल क्रमाने २ ते ९, पुढील वेढ्यात १० ते २५, याप्रमाणे अंक मांडीत जावे. ‘क’ क्रमांकाच्या वेढ्यात ८क घरे येतात आणि तो वेढा (२क + १)² या संख्येवर पूर्ण होतो. म्हणून ९, २५, ४९ इत्यादी विषम संख्यांचे वर्ग एकाच अर्धकर्णावर पडतात. हा अर्धकर्ण शून्य अंश मानू. त्याच्या समोरच्या कोपऱ्यांत ५, १७, ३७ या संख्या येतात. ४, १६, ३६ हे सम संख्यांचे वर्ग त्यांच्या लगत एक घर अलीकडे असतात. एका पूर्ण फेऱ्यात वर्गमूळ २ ने वाढते. अर्थात ३६०° म्हणजे वर्गमूळातील २ ची, १८०° म्हणजे १ ची आणि ४५° म्हणजे पाव एककाची वाढ, असे समीकरण मांडता येते. कोनस्थान काढण्याची प्रचलित रीत हीच : संख्येचे वर्गमूळ घ्यावे, त्यातून लगतच्या लहान विषम संख्येस वजा करावे व बाकीस १८० ने गुणावे.

उदाहरणार्थ, २०२४–२५ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने जाहीर केलेला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. ४८९२ चे वर्गमूळ ६९.९४३ असून लगतची विषम संख्या ६९ आहे. बाकी ०.९४३ येते, म्हणून कोनस्थान सुमारे १६९.७° होय. येथून ४५° पुढे जावयाचे तर वर्गमूळात ०.२५ मिळवून वर्ग करावा, म्हणजे ४९२७ रुपये येतात. ९०° साठी ४९६२ आणि पूर्ण फेऱ्यासाठी ५१७६ रुपये येतात. या भावांवर तेजी अडेल किंवा मंदी थांबेल, असे या पद्धतीचे अनुयायी मानतात.

परंतु हे कोनस्थान एकमेव नाही. ६९ चा वर्ग ४७६१. तेथून ४८९२ हे १३१ वे घर असून त्या वेढ्यात २८० घरे आहेत. घरे मोजून प्रमाण काढल्यास कोन १६८.४° येतो. कागदावरील चौरसात मध्यबिंदूपासून त्या घरापर्यंत सरळ रेषा ओढून त्रिकोणमितीने कोन काढल्यास तो सुमारे १७१.६° भरतो. एकाच संख्येस तीन कोन मिळतात, आणि यांपैकी खरा कोणता हे ठरविण्यास रीतीपाशी कोणताही निकष नाही.

याहून गंभीर आक्षेप एककाविषयीचा आहे. क्विंटलला ४८९२ रुपये आणि किलोस ४८.९२ रुपये हे दोन भाव व्यवहारात एकच आहेत. तथापि ४८.९२ चे वर्गमूळ ६.९९४, त्यातून ५ वजा करून १८० ने गुणल्यास ३५९° येतात. जो भाव क्विंटलमध्ये १६९.७° वर होता तोच किलोमध्ये जवळजवळ शून्य रेषेवर येऊन बसतो. शिवाय क्विंटलच्या हिशेबात ४५° चे अंतर सुमारे ३५ रुपयांचे आहे. किलोच्या हिशेबात तेच अंतर ३ रुपये ५६ पैसे, म्हणजे क्विंटलला ३५६ रुपये होते. मापनाचे एकक बदलताच जे अनुमान बदलते, त्यास बाजाराचा नियम म्हणता येत नाही.

मग ही पद्धत अनेकदा खरी ठरल्यासारखी का वाटते ? ४५° च्या रेषा दर ३५ रुपयांवर असतील, तर कोणताही भाव कोणत्या ना कोणत्या रेषेपासून साडेसतरा रुपयांहून अधिक दूर असूच शकत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंस ५ रुपयांचे अंतर ‘स्पर्श’ मानले, तर निव्वळ यदृच्छेने सातांपैकी दोन भाव रेषेवर आल्यासारखे दिसतील. जुळलेले प्रसंग स्मरणात राहतात, न जुळलेले विसरले जातात.

याच रचनेचा दुसरा उपयोग येथे उद्‌बोधक ठरतो. १९६३ मध्ये स्तानिस्लाव उलाम यांनी अशाच सर्पिलात अंक मांडून मूळसंख्यांवर खुणा केल्या, तेव्हा त्या काही कर्णरेषांवर दाटलेल्या दिसल्या. त्या रेषा विशिष्ट वर्गबहुपदींशी जुळतात. पूर्णांकांना रुपया नाही व क्विंटलही नाही; म्हणून तेथील आकृती एककाच्या निवडीवर अवलंबून राहत नाही. भावाच्या आकड्यास हा अधिकार नाही.

सोयाबीनचा भाव खाद्यतेलाची आयात व तिच्यावरील शुल्क, पेंडीची मागणी, आवक आणि मालातील ओलावा यांनी घडतो. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार एक वर्षासाठी थांबविले व ती मुदत पुढे वाढविली. वायद्याचा भाव दिसेनासा झाला की उत्पादकास पुढील भावाचा जाहीर अंदाज दुर्मीळ होतो, आणि अशा पोकळीतच कोनमापनाचे आकर्षण वाढते. नवाच्या चौरसाची परीक्षा घ्यावयाची असल्यास एकक, कोन काढण्याची रीत आणि स्पर्शाची मर्यादा ही तिन्ही आधी लिहून ठेवावीत. त्यानंतर त्याच अंतराने स्वैरपणे ओढलेल्या रेषांशी तिची तुलना करावी. स्वैर रेषांहून ती सरस ठरली तरच तिच्या भरवशावर माल रोखून धरण्यास आधार आहे. अन्यथा उत्पादक जो धोका पत्करतो, त्यात चौरसाचा वाटा काहीच नाही.