पर्यायी इतिहास आणि राज्यकर्त्यांची भाषा : स्लाव भूमीतील बिगर-स्लाव राज्यांचा संदर्भ

घडलेल्या इतिहासातील एखादा निर्णायक क्षण बदलून पुढचा घटनाक्रम कल्पनेने रचणारा कथनप्रकार म्हणजे पर्यायी इतिहास. मराठी वाचकाला तो जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे परिचित आहे. तेथे १७६१ च्या लढाईचा निकाल फिरतो आणि देशाचे भवितव्यही फिरते. अशा कथांमुळे इतिहासाला फाटा फुटतो तो रणांगणावरच, असा समज रूढ झाला आहे. ‘स्लाव लोकांच्या भूमीत बिगर-स्लावांनी राज्ये उभारली असती तर?’ या कल्पनेचा विचार करताना मात्र हा समज अपुरा पडतो. कारण अशी राज्ये प्रत्यक्षातच उभी राहिली होती.

तुर्की भाषाकुलातील बल्गारांचा नायक अस्पारुख डॅन्यूबच्या दक्षिणेस उतरला आणि ६८१ मध्ये बायझंटाइन सम्राटाला त्याच्याशी तह करणे भाग पडले. कीवच्या कालवृत्तांतानुसार ८६२ मध्ये उत्तरेकडील जमातींनी समुद्रापलीकडून रुरिकला राज्य करण्यासाठी पाचारण केले. रूस आणि बायझंटियम यांच्यातील ९११ च्या तहात रूसच्या दूतांची नावे बहुतांशी स्कँडिनेव्हियन आहेत. इगोर आणि ओल्गा ही नावेही मूळची इंग्वार आणि हेल्गा. त्यांच्या पुत्राचे नाव मात्र स्व्यातोस्लाव, म्हणजे निखळ स्लाव. राजघराण्यातील नामकरणाचा हा पालट लढायांच्या वर्णनापेक्षा अधिक बोलका आहे.

तेव्हा राज्य कोणी स्थापिले, यापेक्षा त्या राज्यात लेखन आणि उपासना कोणत्या भाषेत झाली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बल्गेरियाचा राजा बोरिस याने ८६४ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा धर्माची भाषा ग्रीक होती. मोराव्हियातून हाकलले गेलेले मेथोडियसचे शिष्य ८८६ मध्ये त्याच्या आश्रयास आले आणि त्यांच्यासोबत स्लाव भाषेतील धर्मग्रंथही आले. ८९३ मध्ये सिमेऑन सत्तेवर आला. स्लाव भाषेला धर्मपीठात मिळालेले स्थानही परंपरेने याच वर्षाशी जोडले जाते. बल्गारांची स्वतःची भाषा पुढे लुप्त झाली. बल्गार राजांची एक नामावली रशियन हस्तलिखितांत टिकून आहे. तिच्या स्लाव संहितेत बल्गार कालगणनेचे शब्द तसेच राहून गेले आहेत. नकलकारांना त्यांचा अर्थ उमगला असेल, असे वाटत नाही.

या विषयावर लिहू पाहणाऱ्या कथाकाराने ६८१ ऐवजी ८९३ हे वर्ष हाती घ्यावे. बोरिसने धर्मग्रंथ बल्गार भाषेत सिद्ध करवून घेतले असते, तर प्रेस्लाव्ह आणि ओख्रिद येथील स्लाव ग्रंथरचनेला राजाश्रय लाभला नसता. ९८८ नंतर कीवला जी घडलेली ग्रंथभाषा आयती मिळाली, तिचा एक मुख्य स्रोतच आटला असता. रशियन वाङ्मयाचा आरंभ मग कोणत्या भाषेत झाला असता?

उलट उदाहरण मग्यारांचे. ८९५ च्या सुमारास ते कार्पेथियन खोऱ्यात आले. तेथेही स्लाव वस्ती होती, तरी मग्यारांची भाषा टिकली. त्यांची लोकसंख्या हे एक कारण. परंतु तेथील धर्मपीठाची भाषा लॅटिन झाल्याने स्लाव भाषेला लेखनाची प्रतिष्ठा मिळाली नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. हंगेरियनमधील बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार यांची नावे मात्र आजही स्लाव मूळची आहेत.

हा विषय निरुपद्रवी नाही. रुरिकच्या वंशाचा वाद १७४९ मध्ये रशियन अकादमीत पेटला आणि लोमोनोसोव्हने त्यात कडवा विरोध नोंदवला. स्लावांना स्वतःचे राज्य उभारता येत नाही, हा निष्कर्ष विसाव्या शतकात नाझी प्रचाराने याच वादातून उचलला. पर्यायी इतिहासाचा लेखक राज्यसंस्थापकांच्या वंशावरच थांबला, तर नकळत तोही त्याच निष्कर्षाकडे ओढला जातो.

मिलोराद पाविच यांच्या १९८४ मधील ‘खझरांचा शब्दकोश’ या सर्बियन कादंबरीने ही चूक टाळली आहे. खझरांचे तुर्की राज्य स्व्यातोस्लावने ९६० च्या दशकात मोडले. त्यांच्या राजाच्या नावे असलेले पत्र हिब्रूत आहे. त्यांच्या स्वभाषेतील वाङ्मय उरलेले नाही. पाविच यांनी खझरांना विजयी केले नाही. ख्रिस्ती, इस्लामी आणि यहुदी अशा तीन कोशांत त्यांनी ती कथा विभागली, आणि चौथा, खझरांचा स्वतःचा कोश, तेथे नाही.