नंबर आपला, गाडी परकी

मीरा रोडला राहणाऱ्या एका अकाउंटंटच्या मोबाइलवर दुपारी मेसेज आला: विना हेल्मेट, दंड ५०० रुपये. चलनावर वेळ सकाळी अकराची. तेव्हा ते चर्चगेटजवळ ऑफिसात होते आणि त्यांची स्कूटर सोसायटीच्या आवारात उभी.

पाचशेच तर आहेत, भरून मोकळं व्हावं, असं बायको म्हणाली. पण दंड भरला की प्रकरण तडजोडीनं मिटलं. ‘मी तिथे नव्हतोच’ हे सांगायची वेळ त्याआधीची. त्यांनी महाट्रॅफिकची साइट उघडली. गाडीचा नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि चलन फोटोसकट समोर. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ नियमानुसार कॅमेऱ्याच्या चलनाला फोटो, दिवस, वेळ आणि ठिकाण यांची जोड लागते.

फोटोत काळी मोटारसायकल होती. यांची स्कूटर राखाडी. मोठा करून पाहिल्यावर उलगडा झाला: पाटीचा शेवटचा आकडा ३ होता, पण नेमका त्याच्या उघड्या तोंडाशी स्क्रू बसवलेला. लांबून सरळ ८.

आता पुरावा जमवायचा. चलनातल्या फोटोचा कोन धरून त्यांनी स्कूटरचे फोटो काढले. वॉचमननं विचारलं, “विकताय का, साहेब?” आरसी बुकाची प्रत घेतली, कारण मॉडेल आणि रंग तिच्यावर छापलेला असतो. मग तक्रार लिहायला बसले. पहिला मसुदा दीड पानांचा झाला. त्यात घोडबंदर रस्त्यावरचे खड्डेही आले.

“बाबा, खड्ड्यांचं इथे काय काम?” मुलीनं कात्री चालवली. उरल्या पाच ओळी: चलन क्रमांक, स्वतःचा नंबर, फोटोतला नंबर, वाहनातला फरक, आणि ‘चलन रद्द करावे, ही विनंती’.

ही खटपट कोर्टाची पायरी येण्याआधी केलेली बरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०८ किरकोळ गुन्ह्यात पत्रानं गुन्हा कबूल करून दंड पाठवायची मुभा देतं. नाकबूल करायचा तर स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहायचं. नागपुरात ३१ ऑक्टोबर २०२० ला ‘न्याय कौशल’ या ई-रिसोर्स केंद्राचं उद्घाटन झालं, वाहतूक खटल्यांसाठी आभासी न्यायालय आलं, तरी हा भेद तसाच राहिला. दंड घरबसल्या भरता येतो, पण ‘लढायचं आहे’ म्हटलं की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. कॅलिफोर्नियात मात्र दंडाची रक्कम आधी जमा करून लेखी जबाबावर खटला चालवता येतो; निकाल विरुद्ध गेला तर वीस दिवसांत नव्यानं सुनावणी मागता येते.

मीरा-भाईंदरकरांना पूर्वी कोर्टासाठी ठाणं गाठावं लागे. शहराचं स्वतःचं न्यायालय २०२५ मध्ये सुरू झालं. तरी पाचशे रुपयांसाठी एका दिवसाची रजा कोण घालवणार?

तक्रार अपलोड झाल्यावर रोज सकाळी चहाबरोबर साइट उघडायची सवय लागली. काही आठवड्यांनी ते चलन यादीतून नाहीसं झालेलं दिसलं.

त्या रविवारी ते ओलं फडकं घेऊन खाली गेले, स्कूटरच्या पाटीवरचा चिखल पुसू लागले. वॉचमन खुर्चीतूनच म्हणाला, “गिऱ्हाईक आलं वाटतं!”