घरी बांधलेल्या विमानाची वायरिंग : सुरुवात बिघाडापासून

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान बऱ्याच जणांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडलं होतं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली. पुढच्या चाचण्या धुळ्याला. अशा विमानांच्या फोटोत पंख दिसतात, इंजिन दिसतं. वायरिंग कोणी दाखवत नाही. पण पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी, विशेषतः इलेक्ट्रिकलवाल्यांनी, नेमकं तेच बघावं. आराखडा बनवताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे तिथे फार स्वच्छ दिसतं.

आम्हा टिटवाळेकरांना हे समजायला सोपं आहे. पावसात वीज गेली की घरातल्या इन्व्हर्टरवर एक पंखा, दोन दिवे आणि वायफाय चालतं. फ्रिज चालत नाही. ही निवड वीज गेल्यावर कोणी करत नाही, वायरिंग करतानाच ती झालेली असते. विमानात याच कल्पनेला ‘इसेन्शियल बस’ म्हणतात. बस म्हणजे इथे गाडी नव्हे, ज्या पट्टीवरून अनेक उपकरणांना वीज वाटली जाते ती पट्टी.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आपल्या कसारा घाटावर ढगात असताना विमानाचा अल्टरनेटर बंद पडला. धुळ्याचं हवाई अंतर दोनशे किलोमीटरच्या आत, वेग ताशी २५०, म्हणजे साधारण पाऊण तास. (वाटेत ओझर आहे हे खरं, पण गणितासाठी धुळंच धरू.) बॅटरी २० अँपिअर-तासांची आणि सगळी उपकरणं मिळून २५ अँपिअर ओढतायत. कागदावर ४८ मिनिटं मिळतात. म्हणजे पोचलो? नाही. बॅटरी जुनी होऊन क्षमता निम्म्यावर आली असेल तर हातात २४ मिनिटंच. उलट पायलटने एका स्विचने फक्त रेडिओ, जीपीएस आणि मोजकी साधनं चालू ठेवली आणि भार ५ अँपिअरवर आणला, तर त्याच थकलेल्या बॅटरीवर दोन तास निघतात. जास्तीची बॅटरी न घेता, वजन न वाढवता!

म्हणून काम वायर खरेदीपासून सुरू होत नाही, तक्त्यापासून होतं. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेतं, आणि टॅक्सी, टेकऑफ, उड्डाण, रात्रीचं लँडिंग, अल्टरनेटर बंद यांपैकी कोणत्या अवस्थेत ते चालू असेल, हे लिहायचं. शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरा, असं मी सांगेन. इंजिनवर मॅग्नेटो असतील तर ठिणगीची वीज ते स्वतःच तयार करतात, त्यामुळे बॅटरी संपली तरी इंजिन चालू राहतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंत तर मात्र इंजिनच त्या शेवटच्या रकान्यात येऊन बसतं, आणि सगळं गणित बदलतं.

मग वायरची जाडी. पिटो नळी तापवणारा हीटर १० अँपिअर घेतो असं धरा. पंखापर्यंत ५ मीटर वायर. २० गेज वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०३३ ओहम, म्हणजे १.६ व्होल्टहून जास्त वाटेतच गेले. १४ व्होल्टच्या प्रणालीत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी अमेरिकेच्या एफएएची मार्गदर्शिका अर्धा व्होल्टच घट मान्य करते. १४ गेज घेतली तर घट सुमारे ०.४ व्होल्ट. बसलं! पण हे अॅल्युमिनियमच्या विमानात, जिथे परतीचा मार्ग धातूचा सांगाडाच असतो. फायबरच्या विमानात परतीचीही वायर टाकावी लागते आणि घट दुप्पट होते, तेव्हा आणखी जाड वायर.

फ्यूजबद्दल एक गैरसमज मला व्हायव्हाच्या तयारीतही सतत ऐकू येतो: फ्यूज उपकरणाला वाचवतो. नाही हो, तो वायरला वाचवतो. उपकरण जळलं तर एक सोय गेली. वायर तापली तर बंद कॉकपिटमध्ये धूर. म्हणून फ्यूज किंवा ब्रेकर वायरच्या जाडीवरून ठरतो आणि तो वायरच्या बसकडच्या टोकाला लागतो, उपकरणाजवळ नाही. घरगुती पीव्हीसी वायर याच कारणाने नको, तिचा धूर विषारी असतो. विमानात टेफझेल आवरणाची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतात.

जोडणी शक्यतो क्रिंपिंगने. सोल्डर वायरच्या तारांमध्ये आत ओढला जातो, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनच्या कंपनांनी तो जिथे संपतो नेमकी तिथे वायर तुटते. क्रिंपिंगला चांगला रॅचेटवाला पकडच घ्या, इथे काटकसर नको.

आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर, तोच नंबर आकृतीत. पाच वर्षांनी बिघाड शोधायला पॅनेलखाली उताणा पडलेला माणूस दुसराच कोणी असेल, आणि त्याच्याकडे टॉर्च आणि ती आकृती एवढंच असेल.